काठीसारखा अमोनाइट : ओळख व वर्गीकरण

आमच्या शाळेच्या विज्ञानखोलींत जें कांचेचें कपाट आहे, त्याच्या तिसऱ्या फळीवर करड्या रंगाचा, अंगठ्याएवढा जाड व वीतभर लांब असा दगडाचा एक तुकडा ठेविलेला आहे. तामिळनाडूंत अरियलूरच्या बाजूस नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानें तो शाळेस भेट म्हणून धाडिला होता. तो हातीं आला त्याच दिवशीं आम्हीं एका पुस्तकांतील चित्राशीं त्याची तुलना केली आणि मोठ्या विश्वासानें 'ऑर्थोसेरस' अशी चिठ्ठी त्याखालीं डकविली. ती चिठ्ठी आठ वर्षें तेथें होती. गेल्या वर्षीं ती आम्हांस स्वतःच्या हातानें काढावी लागली. ती कां काढावी लागली, आणि तिच्या जागीं दुसरी कशी आली, हाच या पाठाचा विषय आहे.

झालें तें असें. नववीच्या वर्गांतील एका मुलीनें तो तुकडा भिंगाखालीं धरून बराच वेळ पाहिला व विचारिलें, "सर, पुस्तकांतल्या ऑर्थोसेरसवर वेळूच्या पेरांसारख्या साध्या रेघा आहेत. यावर तर कोथिंबिरीच्या पानाची कडा काढावी तशी नक्षी आहे. मग हा तोच कसा?" आम्हीं घाईनें उत्तर दिलें कीं, फार प्राचीन वस्तु आहे, झिजून रेघ बिघडली असेल. त्यावर ती नम्रपणें म्हणाली, "पण सर, झिजल्यानें नक्षी पुसली जाईल, नवी उमटेल कशी?"

या प्रश्नास उत्तर नव्हतें. झिजल्यानें अवघड रेघ सोपी होते, सोपी रेघ अवघड होत नाहीं. त्या सायंकाळीं आम्हीं पुस्तकें पुन्हां उघडलीं, आणि आपण चित्राचा केवळ आकार पाहिला, लक्षण पाहिलेंच नाहीं, असें आमच्या ध्यानांत आलें.

अमोनाइट म्हणजे काय?

विद्यार्थीमित्रहो, प्रथम नांवाविषयीं एक खुलासा. शास्त्राच्या तासाला 'अमोनाइट' हा शब्द निघाला कीं, आपल्या शाळेंतील मुलांस पवित्र शास्त्रांतील अम्मोनी लोक आठवतात. त्यांचा व या प्राण्यांचा कांहीं संबंध नाहीं. प्राचीन मिसर देशांत आमोन नांवाचें दैवत मेंढ्याच्या शिंगांसह दाखवीत असत. हे वळलेले दगडी शंख त्या शिंगांसारखे दिसतात, म्हणून त्यांस हें नांव पडलें.

अमोनाइट हे समुद्रांत राहणारे मृदुकाय प्राणी होते. गोगलगाय, शिंपला व माखली हे ज्या मोठ्या संघांत येतात, त्याच संघांतील शीर्षपाद वर्गांत त्यांची गणना होते. म्हणजे आजच्या माखलीचे, अष्टपादाचे व नॉटिलसचे ते दूरचे नातलग. अमोनाइटाच्या कवचाचे दोन भाग असत. तोंडाकडील मोठ्या खोलींत प्राणी स्वतः राही. मागचा सर्व भाग पडद्यांनीं लहान लहान खोल्यांत विभागलेला असे. प्राणी वाढे, पुढें सरके, आणि मागें नवा पडदा घाली. या सर्व खोल्यांतून एक बारीक नलिका जाई व तिच्या योगें खोल्यांतील पाणी काढून तेथें वायु भरतां येई. त्यामुळें जड कवच घेऊनही त्यास पाण्यांत तरंगतां येत असे.

आतां मुख्य गोष्ट. पडदा कवचाच्या भिंतीस ज्या रेषेंत चिकटतो, तिला शिवण-रेषा म्हणूं. बाहेरचें कवच शाबूत असतां ती दिसत नाहीं. परंतु कवच विरघळून गेलें आणि आंत भरलेल्या गाळाचा दगड मागें राहिला, म्हणजे ती रेषा त्या दगडावर स्पष्ट उमटलेली आढळते. नॉटिलसाच्या कुळांत ही रेषा साधी अगर किंचित् वांकडी असते. अमोनाइटांत पडद्याची कडा चुणीदार असल्यामुळें ती रेषा पानाच्या कातरलेल्या कडेसारखी असते. मनुष्यास जशी बोटाच्या ठशावरून ओळख, तशी अमोनाइटास शिवण-रेषेवरून.

तीन सोंगें, एक खरें रूप

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, अमोनाइट म्हणजे वळलेलाच असावयाचा. बहुतेक तसे आहेत हें खरें. परंतु क्रेटेशियस काळांत, म्हणजे सुमारें १४ कोटी ५० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळांत, अमोनाइटांच्या कांहीं शाखांनीं हा नियम सोडला. कोणी मळसूत्रासारखे झाले, कोणी आंकड्यासारखे, आणि एक कूळ काठीसारखें सरळ झालें. या कुळाची मुख्य प्रजाति बॅक्युलाइटीज. लॅटिन भाषेंत 'बॅक्युलम' म्हणजे काठी. त्यावरून लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७९९ मध्यें हें नांव ठेविलें.

तेव्हां सरळ, लांबट, अश्मीभूत अवशेष हातीं आला, तर तो तिघांपैकीं कोणाचाही असूं शकेल. एक बेलेम्नाइट, दुसरा ऑर्थोसेरस अथवा त्याचा कोणी बांधव, तिसरा बॅक्युलाइटीजच्या कुळांतला. यांची निवड कशी करावी तें क्रमानें पाहूं.

(१) तुटलेली बाजू पाहावी. बेलेम्नाइटाचा जो भाग सामान्यतः सांपडतो, तो बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकास निमुळता व भरीव असतो. आंत मध्यापासून कडेकडे गेलेल्या स्फटिकांच्या किरणांसारख्या रेघा दिसतात. त्यावर शिवण-रेषा नसते. आमच्या तुकड्यांत अशा किरणरेघा नव्हत्या आणि शिवण-रेषा होती. म्हणून पहिला गेला.

(२) शिवण-रेषा पाहावी. साधी, वेळूच्या पेरासारखी असेल तर ऑर्थोसेरसाचा पक्ष बळकट. कातरलेल्या पानासारखी असेल तर अमोनाइटाचा. मात्र येथें सावध राहिलें पाहिजे. अमोनाइटाचा तुकडा फार झिजला तर त्याची रेषाही साधी दिसूं लागते. म्हणून सर्वांत कमी झिजलेली जागा शोधून तेथेंच निर्णय करावा.

(३) नलिकेची जागा पाहावी. ऑर्थोसेरसांत ती मध्यभागीं अगर मध्याच्या जवळ असते; अमोनाइटांत ती अगदीं कडेला, पोटाच्या बाजूस लागून असते. आमच्या तुकड्याचें मोडलेलें टोक ओलें करून पाहिलें तों कडेला एक बारीक काळसर ठिपका दिसला. आठ वर्षें तो तेथेंच होता. आम्हीं पाहिला नव्हता.

(४) छेदाचा आकार पाहावा. ऑर्थोसेरसाचा छेद बहुधा वाटोळा असतो. बॅक्युलाइटीजच्या कुळांत तो पुष्कळदां दोन्ही बाजूंनीं दाबलेला, अंडाकृति किंवा पेरूसारखा असतो.

या चार कसोट्यांपैकीं एकीवर भिस्त ठेवूं नये. चारही एकाच दिशेनें बोट दाखवूं लागल्या, म्हणजे निर्णय करावा.

काठीच्या टोकाशीं वेटोळें

कोणी शंका घेईल कीं, केवळ एका रेषेच्या साम्यावरून सरळ प्राण्यास वळलेल्यांच्या पंक्तीस बसविणें योग्य आहे काय? या शंकेचें उत्तर त्या काठीनेंच दिलें आहे. बॅक्युलाइटीजचें अगदीं कोंवळें, जन्मकाळचें टोक फार नाजूक असल्यामुळें क्वचितच शाबूत राहतें. परंतु जेथें तें मिळालें, तेथें असें आढळलें कीं, आरंभीं एक मिलिमीटरहूनही लहान असें वेटोळें असतें आणि त्यांतून पुढें सरळ काठी निघते. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें पाहिलें, व जेम्स पेरिन स्मिथ यांनीं १९०१ मध्यें या बालपणींच्या वेटोळ्यावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे प्राणी जन्मास येतांना आपल्या पूर्वजांसारखा वळलेला असे, आणि मग स्वतःचा सरळ मार्ग धरी. ऑर्थोसेरसांत असें वेटोळें नसतें. बाहेरचें रूप पालटलें तरी जन्माची खूण राहून जाते, ती अशी.

नांवांचा इतिहास

आमचा तुकडा ज्या प्रदेशांतून आला, त्याचा या शास्त्राच्या इतिहासांत मोठा मान आहे. सुमारें १८४० च्या पुढील वर्षांत मद्रास इलाख्यांतील के व कनलिफ या दोघांनीं पाँडिचेरी, वृद्धाचलम् व तिरुचिरापल्ली या भागांतून शंखशिंपले गोळा करून लंडनास पाठविले. एडवर्ड फोर्ब्झ यांनीं १८४६ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत एक सरळ अमोनाइट होता. त्यास त्यांनीं बॅक्युलाइटीज या प्रजातींत घालून लॅटिन भाषेंत 'म्यान' अशा अर्थाचें जातिनाम दिलें. पुढें भारतीय भूगर्भसंशोधन खात्याचे फर्डिनंड स्टोलिच्का यांनीं दक्षिण भारतांतील क्रेटेशियस प्राण्यांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि १८९५ ते १८९८ या काळांत फ्रांझ कोस्मट यांनीं त्यांचा पुनः विचार केला.

१९२६ मध्यें स्पाथ यांनीं असें दाखविलें कीं, या म्यानासारख्या अमोनाइटांचा गट मूळ बॅक्युलाइटीजहून निराळा मानणें योग्य आहे. त्यांनीं त्यास 'युबॅक्युलाइटीज' असें नांव दिलें. म्हणजे फोर्ब्झ चुकले होते काय? तसें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं आपल्या हातीं असलेल्या वस्तूंवरून प्रामाणिक निर्णय केला. पुढें अधिक वस्तु मिळाल्या, तेव्हां अधिक बारीक भेद दिसला. शास्त्रांत नांव बदलणें ही नेहमीं अपकीर्ति नसते. न पाहतां नांव ठेवणें ही मात्र आहे.

वर्गीकरणाची शिडी

आतां वरून खालीं एकेक पायरी उतरूं. संघ मृदुकाय, वर्ग शीर्षपाद, त्यांत अमोनाइटांचा मोठा गट, त्यांत वळणाचा नियम सोडलेल्या अमोनाइटांची शाखा, त्या शाखेंत बॅक्युलाइटिडी हें कूळ. या कुळाचें लक्षण असें कीं, बालपणींचें सूक्ष्म वेटोळें सोडल्यास सर्व कवच सरळ अगर अगदीं किंचित् वांकलेलें असतें, आणि शिवण-रेषेंत मोजकेच परंतु फांद्याफांद्यांचे वळसे असतात.

कुळांतील तीन प्रजाति विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवाव्या. सायपोनोसेरस ही यांतील जुनी. तिच्या अंगावर ठराविक अंतरानें दोरीनें आवळल्यासारख्या खांचा असतात. बॅक्युलाइटीजमध्यें अशा खांचा सहसा नसतात; छेद अंडाकृति असून पोटाची कडा गोलसर किंवा निमुळती असते; बाजू गुळगुळीत असतात अगर त्यांवर चंद्रकोरीसारखे उंचवटे असतात. ही प्रजाति सुमारें ९ कोटी वर्षांपूर्वीपासून क्रेटेशियस काळाच्या अखेरीपर्यंत टिकली, व तिच्या कांहीं जाति एक मीटरहून अधिक लांब होत. युबॅक्युलाइटीज ही सर्वांत धाकटी. तिचा छेद पेरूसारखा असून पोटाची कडा सपाट पट्टीसारखी असते, आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंस स्पष्ट धारा दिसतात. ही प्रजाति क्रेटेशियस काळाच्या शेवटच्या भागांतली. भारताप्रमाणेंच दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया व चिली येथेंही ती सांपडते.

पोट कोणतें व पाठ कोणती, हें कसें ओळखावें? नलिका ज्या बाजूस, ती पोटाची बाजू, हा पहिला नियम. दुसरा असा कीं, कवचावरील वाढीच्या बारीक रेघा पोटाकडे जातांना तोंडाच्या दिशेनें पुढें ओढलेल्या असतात. या दोन्ही खुणा जुळवून आम्हीं आमच्या तुकड्याचें पोट ठरविलें. तेथें अर्ध्या बोटाच्या रुंदीची सपाट पट्टी व तिच्या दोन धारा हातास लागल्या. तेव्हां नवी चिठ्ठी लिहिली : 'युबॅक्युलाइटीज'. जातीचें नांव लिहिलें नाहीं. कारण एकच जातींत लहानमोठे व गुळगुळीत-खडबडीत असे पुष्कळ प्रकार असतात. अमोनाइटांत मोठीं व लहान कवचें हीं एकाच जातींतील मादी व नर असावीं असें आतां मानितात, आणि पूर्वीं अशा जोडप्यांस दोन निरनिराळीं नांवें दिलीं गेल्याचे पुष्कळ दाखले आहेत. एका तुकड्यावरून जाति सांगणें म्हणजे एका पानावरून पुस्तकाचें नांव सांगण्यासारखें आहे.

चिठ्ठी चुकली म्हणून काय बिघडलें?

कोणी पालक म्हणतील, कपाटांतील एका दगडाचें नांव चुकलें तर एवढा गाजावाजा कशास? बिघाड केवढा झाला होता तो पाहा. ऑर्थोसेरस ही ऑर्डोव्हिशियन काळांतील प्रजाति; तिचें वय सुमारें ४६ कोटी वर्षें. युबॅक्युलाइटीजचें वय सुमारें ७ कोटी. आमच्या एका चिठ्ठीनें त्या दगडाचें वय ३९ कोटी वर्षांनीं वाढविलें होतें, आणि आठ वर्षांतील प्रत्येक वर्गास आम्हीं तेंच शिकविलें होतें.

खडकांचें वय सांगण्याच्या कामीं हे सरळ अमोनाइट घड्याळासारखे उपयोगी पडतात. त्यांच्या जाति लौकर बदलत, आणि समुद्रांत दूरवर पसरत. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं त्या काळीं एक विस्तीर्ण समुद्र होता. तेथील थरांचे जे विभाग शास्त्रज्ञांनीं पाडिले आहेत, त्यांतील पुष्कळांस बॅक्युलाइटीजच्या जातींचींच नांवें आहेत. एकेक विभाग सरासरीनें सुमारें पांच लाख वर्षांचा. त्या थरांमध्यें ज्वालामुखींच्या राखेचे पातळ पापुद्रे आहेत. राखेंतील स्फटिकांवरून वर्षें मोजतां येतात, आणि त्यायोगें घड्याळाच्या कांट्यांस आंकडे मिळतात.

हे प्राणी काय खात, हेंही आतां कळलें आहे. अमेरिकेंत सांपडलेल्या बॅक्युलाइटीजच्या कांहीं अवशेषांची फ्रान्समधील ग्रेनोबल येथें प्रखर क्ष-किरणांनीं, दगड न फोडतां, परीक्षा करण्यांत आली. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत जबडे व जिभेवरील बारीक दांत दिसले, इतकेंच नव्हे, तर जबड्यांत अडकलेले एका सूक्ष्म गोगलगायीचे व कवचधारी जीवाचे अवशेषही दिसले. म्हणजे पाण्यांत तरंगणारे बारीक जीव हें यांचें अन्न. शेवटचा घास तोंडांत असतांना त्या प्राण्यास मृत्यु आला, आणि कोट्यवधि वर्षें तो घास तसाच राहिला!

या दगडांनीं सामान्य लोकांचेंही लक्ष वेधून घेतलें आहे. उत्तर अमेरिकेंतील ब्लॅकफूट लोक बॅक्युलाइटीजच्या तुकड्यांस 'इनिस्किम' म्हणतात, आणि गव्यांचे कळप बोलावणारे पवित्र दगड म्हणून ते जपून ठेवीत आले आहेत. आपल्या हिंदु बांधवांच्या देवघरांतील शाळिग्राम हेही गंडकी नदींत सांपडणारे अमोनाइटच, मात्र ते ज्युरासिक काळांतले. कोणत्याही घरांतील पूज्य वस्तु शास्त्राच्या नांवाखालीं हलकी लेखूं नये, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्या भूमीशीं संबंध

सह्याद्रीच्या काळ्या दगडांत अमोनाइट सांपडेल काय, असें मुलें विचारतात. नाहीं. तो दगड जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या थरांमध्यें क्वचित् तळ्यांचा गाळ आढळतो. नागपुरास १८४५ मध्यें आलेले मिशनरी शिक्षक स्टीफन हिस्लॉप यांनीं तेथील टाकळी गांवाजवळ अशा गाळांतून गोड्या पाण्यांतील शंख, फळें, बिया व किडे यांचे अवशेष शोधून काढिले. शाळा चालवून, उपदेश करून, उरलेल्या वेळांत त्यांनीं हें काम केलें. १८६३ मध्यें टाकळघाटाहून परततांना ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें आहे.

परंतु दुसऱ्या एका अर्थानें आमच्या काठीचा व सह्याद्रीचा संबंध आहे. हा लाव्हारस मुख्यतः सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला, आणि त्याच सुमारास शेवटचे अमोनाइट नाहींसे झाले. त्याच समयीं आजच्या मेक्सिकोच्या कांठीं आकाशांतून एक प्रचंड अशनि कोसळला. या संहाराचें मुख्य कारण तो अशनि, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानितात. दक्षिणेंतील ज्वालामुखींचा त्यांत कितपत वांटा, याविषयीं अद्याप वाद आहे. नॉटिलस मात्र वांचला. त्याचीं पिलें मोठ्या अंड्यांतून निघतात, तर अमोनाइटांचीं फार लहान असून पृष्ठभागाजवळच्या बारीक जीवांवर अवलंबून असत; समुद्राचा तो अन्नसांठा नाहींसा होतांच त्यांचा आधार तुटला, असें एक अनुमान आहे.

सात कोटी वर्षें, हा आंकडा ऐकून आपल्या मंडळींतील एखाद्या पालकाच्या मनांत शंका उद्भवते, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीं स्वतः विद्यार्थी असतां ती शंका अनुभविली आहे. आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, दगडाकडे खऱ्या दृष्टीनें पाहिल्यानें आमचा विश्वास कधीं लहान झाला नाहीं. निर्मात्याच्या कालाचें माप आपल्या मापाहून किती मोठें आहे, हें मात्र कळलें. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदामाकडे प्राणी आणिले गेले व त्यानें त्यांस नांवें ठेविलीं, असें वर्णन आहे. प्राणी प्रथम त्याच्या समोर आणिले गेले, मग नांवें ठेविलीं गेलीं, हा क्रम विसरूं नये. आम्हीं तो उलटा केला होता.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस असा एखादा दगड मिळाला, तर तो फोडूं नका, खरवडूं नका. कोठें मिळाला, कोणत्या थरांत, कोणत्या दिवशीं, हें प्रथम लिहून ठेवा. स्थळ हरवलेला अवशेष म्हणजे पत्ता फाटलेलें पत्र. मग भिंग घ्या, आणि जें दिसतें तें काढा. जें दिसावें असें वाटतें तें काढूं नका.

कपाटांतील जुनी चिठ्ठी आम्हीं फेकून दिली नाहीं. नव्या चिठ्ठीच्या खालीं तीच ठेविली आहे, व त्यावर एक बारीक रेघ मारून चूक दाखविणाऱ्या विद्यार्थिनीचा वर्ग व तारीख लिहिली आहे. वार्षिक समारंभास पालकमंडळी येतील, तेव्हां त्यांनीं तिसऱ्या फळीवरील त्या दोन्ही चिठ्ठ्या अवश्य पाहाव्या.